‘हप्ता बसतोय ना?’ : कुपवाडमधल्या एका घराची खतावणी

जुलै २०२४. सांगलीत पावसाची झड लागली होती. माझे ब्लाउज शिवणाऱ्या बाईंचा नवरा संध्याकाळी एकटाच आमच्या दारात येऊन उभा राहिला. हातात कापड दुकानाची पिशवी, आत कागद. "मॅडम, तुम्ही बँकेत होता म्हणून आलो," एवढं बोलून तो बसला आणि चहा येईपर्यंत एक शब्द बोलला नाही.

मी एकतीस वर्षं एका सहकारी बँकेत नोकरी केली, त्यातली शेवटची बारा कर्ज विभागात. निवृत्तीनंतर ओळखीचे लोक कागद घेऊन येतात, मी वही घेऊन बसते. या घराचं प्रकरण नवरा-बायको दोघांना विचारून लिहिते आहे. नावं देत नाही, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्या आहेत. आकडे वहीतलेच आहेत.

तो कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये ऑपरेटर. वय अडतीस. कपात जाऊन हातात ३१,४०० रुपये. बायको घरी शिवणकाम करते. लग्नसराईत जास्त, आषाढात कमी, सरासरी ५,५००. मुलगी आठवीत, मुलगा चौथीत, सोबत आई. घर वडिलांनी बांधलेलं, म्हणून भाडं नाही. दारू, जुगार, मोबाइलवरचे पैशाचे खेळ यांतलं काही आहे का, हे मी पहिल्या दहा मिनिटांतच विचारलं, कारण तसं असेल तर वही उघडून उपयोग नसतो. तसं काही नव्हतं. पहिल्या तारखेला पगार होतो, सात तारखेपर्यंत संपतो, आणि हे दीड वर्ष चाललं होतं.

त्या दिवशी तो यायचं कारण वेगळं होतं. सकाळी त्याच्या फोनमधल्या चाळीस-पन्नास नंबरांवर एक मेसेज गेला होता. त्यात त्याचा फोटो, आधार कार्ड आणि खाली "कर्जबुडवा". शिफ्टच्या सुपरवायझरला गेला, मुलीच्या वर्गशिक्षिकेला गेला आणि भाचीच्या सासरीही गेला. भाचीच्या सासरचं सांगताना त्याचा आवाज फुटला. का, ते मला तासाभराने कळलं.

"एकूण देणं किती आहे?" मी विचारलं.

"दीड लाख असंल. लई तर पावणेदोन."

माझे वडील गणपती पेठेत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. रोजकीर्द आणि खतावणी यांतला फरक मी शाळेत असतानाच त्यांच्याकडे शिकले. दिवसभरात जे घडेल ते घडेल तसं रोजकीर्दीत उतरतं. खतावणीत प्रत्येकाचं पान वेगळं असतं आणि कुणाचं किती देणं, कुणाकडून किती येणं ते तिथे कळतं. समोर बसलेल्या माणसाची रोजकीर्द तोंडपाठ होती. पाच तारखेला गाडी, सातला मोबाइल, दहाला पतसंस्था, अठराला कार्ड, घडाघडा सांगत होता. खतावणी मात्र त्याने कधीच घातली नव्हती. ती आम्ही दोन बैठकांत घातली. पान असं झालं:

पतसंस्था – हप्ता ५,९४८ – बाकी १,२२,७००
मोटारसायकल – हप्ता ३,१४० – बाकी ४१,५००
मोबाइल फोन – हप्ता २,५०० – बाकी १०,०००
क्रेडिट कार्ड – किमान रक्कम ३,५६५ – बाकी ७१,३००
अ‍ॅपवरचं कर्ज – हप्ता ३,६९२ – बाकी १०,४५०
बायकोचं गटाचं कर्ज – हप्ता २,४०० – बाकी २९,०००
खाजगी सावकार – दरमहा नुसतं व्याज २,५०० – बाकी ५०,०००
दुसरं एक अ‍ॅप – मागणी ६,०००

बेरीज ३,४०,९५०. तो सांगत होता त्याच्या दुप्पट. तो खोटं बोलत नव्हता. त्याने ही बेरीज कधी केलीच नव्हती, आणि एक ओळ तर त्याला माहीतही नव्हती.

दरमहा हप्त्यांत जात होते २३,७४५. दोघांची कमाई ३६,९००. म्हणजे शंभरातले चौसष्ट रुपये घरात यायच्या आधीच गेलेले. बँकेत आम्ही सगळे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्याच्या आत ठेवायला बघायचो, आणि छोट्या पगाराला निम्मं हेही जास्तच असतं. उरले १३,१५५. किराणा, दूध, गॅस, वीज, शाळेची व्हॅन आणि शिकवणी, पेट्रोल, आईची औषधं, रिचार्ज, विम्याचा हप्ता, सगळं अगदी हात आखडून धरलं तरी १९,००० होतात. महिन्याला ५,८४५ कमी पडत. ते कुठून यायचे? कार्डावरून आणि अ‍ॅपवरून. थोडक्यात, दीड वर्ष हे घर नव्या कर्जातून जुन्या कर्जाचे हप्ते भरत होतं, आणि हप्ता एकही चुकला नव्हता. त्यामुळे आपण बुडतोय असं त्याला वाटलंच नाही. मी प्रत्येक ओळीवर थांबून विचारत होते, हे का घेतलं? तो प्रत्येक वेळी एकच सांगत होता, "तवा हप्ता बसत होता की ओ मॅडम."

हे वाक्य मी कर्ज विभागात हजारदा ऐकलं आहे, आणि खरं सांगते, टेबलाच्या या बाजूने मीही तेच विचारत आले: किती हप्ता बसतो? वस्तूची किंमत काय, व्याजासकट ती कितीला पडते, ती घेतल्यावर घरात काय थांबेल, हे त्या एका प्रश्नात मावत नाही. आता वाटतं, मी तो प्रश्न वेगळा विचारायला हवा होता.

कर्जं एकेक करून कशी आली ते सांगते.

पतसंस्थेचं कर्ज जुलै २०२१ चं, अडीच लाख, १५ टक्के, पाच वर्षं, दोन सहकारी जामीन. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वडील मिरजेच्या खाजगी दवाखान्यात सतरा दिवस होते. वाचले नाहीत. एक लाख चाळीस हजार तिथे गेले, उरलेल्यातून गळका पत्रा काढून मागच्या खोलीवर स्लॅब टाकला. कर्मचारी राज्य विमा योजनेची (ईएसआय) पगाराची मर्यादा तेव्हा २१,००० होती, तो त्याच्या वर, म्हणून तिथला आधार नव्हता. या कर्जाला मी उधळपट्टी म्हणणार नाही. कर्जबाजारी माणूस दिसला की आपण त्याच्या सगळ्याच कर्जांना एका मापाने मोजतो, ते मला पटत नाही.

मोटारसायकल मात्र तशी नाही. दसरा २०२२. जुनी शंभर सीसीची चालू स्थितीत होती. शेजारी, कंपनीतले दोघे, सगळ्यांकडे नव्या आल्या होत्या. २०,००० रोख भरले, ८५,००० कर्ज, "११ टक्के फक्त". हा ११ टक्के सपाट दर होता. म्हणजे मुद्दल महिन्याला कमी होत गेलं तरी व्याज तिन्ही वर्षं पूर्ण ८५,००० वरच. व्याज २८,०५०, हप्ता ३,१४०. कमी होत जाणाऱ्या मुद्दलावर मोजलं तर हाच दर साडेएकोणीस टक्क्यांच्या वर जातो. पतसंस्थेच्या १५ टक्क्यांना तो महाग म्हणत होता आणि ११ टक्के स्वस्त मिळाले म्हणून खूश होता. जुनी गाडी मेव्हण्याला अशीच देऊन टाकली.

मोबाइल "झिरो इंटरेस्ट"वर, २२,५०० चा, नऊ हप्ते. त्याच दुकानात रोखीने तो २१,००० ला मिळत होता, शिवाय वर फाइल चार्ज. बिनव्याजी असं काही नसतं, व्याज कुठेतरी किमतीत मुरवलेलं असतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना खडसावून सांगितलं होतं. या ओळीवर मी जास्त वेळ घालवला नाही.

कार्डावर घालवला. कंपनीच्या गेटजवळ छत्री लावून बसलेल्या मुलाने २०२२ मध्ये ते काढून दिलं. मर्यादा ८०,०००. पहिले सहा महिने पेट्रोल, किराणा, आणि पूर्ण बिल वेळेवर. मग दिवाळीत टीव्ही घेतला आणि त्या महिन्यात पहिल्यांदा "किमान देय रक्कम" भरली. बिलावर ती ठळक छापलेली असते, भरली की दंड लागत नाही, वसुलीचा फोन येत नाही, म्हणून माणसाला वाटतं महिना निभावला. प्रत्यक्षात पूर्ण बिल भरलं नाही की बिनव्याजी दिवसांची सवलत संपते. जुन्या बाकीवर व्याज चढतंच, आणि त्यानंतर घेतलेल्या साखरेच्या किलोवरही घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. त्याच्या कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के होता, आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी.

मी त्याच्यासमोर गणित मांडलं. बाकी ७१,३००. महिन्याचं व्याज २,४९५. त्यावर कर ४४९. दोन्ही मिळून २,९४४. तो भरत होता ३,५६५. मुद्दलातून फिटले ६२१ रुपये. तो बराच वेळ त्या ६२१ कडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हंजे मी ह्या महिन्यात कार्डावर किराणा घेतला नसता तर सहाशे फिटले असते. आनि घेतला तीन हजारांचा." बरोबर होतं. ज्या दिवशी हा माणूस स्वतःहून हे बोलला, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हे घर यातून निघेल.

२०२४ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्डावरच्या व्याजाला ३० टक्क्यांची मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा २००८ चा आदेश रद्द केला. म्हणजे आयोगाने घालून दिलेली ती वरची मर्यादा आता नाही. ज्याच्याकडे कार्ड आहे त्याने बिलावरचा महिन्याचा दर बाराने गुणून एकदा बघावा.

आता सावकार, आणि भाची. बहिणीच्या मुलीचं लग्न मे २०२३ मध्ये झालं. आपल्याकडे मामाचा आहेर म्हणजे काय ते सांगायला नको. बहिणीने काही मागितलं नव्हतं. पण मामा एकच, त्यातून बहिणीचा नवरा नाही, आणि मांडवात मामाचं नाव पुकारलं जातं. याने अर्धा तोळा सोनं, साड्या आणि पंगतीचा काही भाग उचलला. कार्ड भरत आलं होतं, पतसंस्था जुनं फिटल्याशिवाय देईना. ओळखीतल्या एकाने शेकडा पाचने ५०,००० दिले. एक कोरा चेक सही करून घेतला. शेकडा पाच म्हणजे महिन्याला पाच, वर्षाला साठ. चौदा महिने दर महिन्याला २,५०० दिले. ३५,००० गेले आणि मुद्दल जिथल्या तिथे. आणि तो बदनामीचा मेसेज ज्या घरी गेला, ते हेच भाचीचं सासर. ज्या घरासमोर मान राहावी म्हणून कर्ज काढलं, त्याच घरात.

मराठीत ‘पत’ या शब्दाला दोन्ही अर्थ आहेत: लोकांतला मान आणि उसने मिळण्याची लायकी. हा माणूस पहिली राखायला दुसरी खर्च करत गेला, आणि शेवटी पहिलीवरच घाला आला.

अ‍ॅपची दोन कर्जं एकमेकांपासून वेगळी करावी लागली. पहिलं नोंदणीकृत कंपनीचं. मंजूर २०,०००, शुल्क कापून हातात १८,३५०, सहा हप्ते. कागदावर दर ३६ टक्के; पण हातात आलेल्या रकमेवर मोजलं तर ६८ च्या आसपास. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या नियमांनुसार शुल्कासकट वार्षिक दर दाखवणारं मुख्य तथ्यांचं पत्रक कर्ज देण्याआधी द्यावंच लागतं. त्याच्या फोनमध्ये ते होतं, त्याने उघडलं नव्हतं. या कंपनीचा वसुलीवाला रात्री नऊला फोन करत असे. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, हा नियम ऑगस्ट २०२२ चा. आम्ही कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला तारखा-वेळांसह ईमेल केला, उत्तर समाधानकारक नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ असं लिहिलं. रात्रीचे फोन थांबले.

दुसरं अ‍ॅप कुणाचं, पत्ता काय, काहीच नाही. ६,००० चं कर्ज, हातात ३,९००, सात दिवसांची मुदत. त्याने एकदा ६,००० भरलेसुद्धा होते. तरी "बाकी आहे" म्हणत मागणी चालूच, आणि मग तो मेसेज. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपला फोनमधली नंबरांची यादी, फोटो, कॉलची नोंद यांना हात लावायची परवानगी नाही, हेही २०२२ च्या त्याच नियमांत आहे. मी त्याला स्पष्ट सांगितलं, इथे आता एक रुपया द्यायचा नाही. सगळे मेसेज जपून ठेवले, १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन केला, सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली, अ‍ॅप काढलं. तीन आठवड्यांनी त्रास थांबला. सुपरवायझरला त्याने स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं. तो म्हणाला, मलाही असाच एक आला होता, दुसऱ्याच्या नावाने. रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०२५ पासून नियमातल्या कर्ज अ‍ॅपची यादी आपल्या संकेतस्थळावर ठेवली आहे. त्या वेळी ती असती तर निदान तपासता आलं असतं.

दुसऱ्या बैठकीला मी बायकोलाही बोलावलं. तो तयार नव्हता. "तिला कशाला टेन्शन?" मी म्हटलं, घर तिच्याच हातून चालतं, तिच्याशिवाय वही पुढे जाणार नाही. ती आली, पान वाचलं, आणि रडली नाही. पर्समधून एक घडी घातलेलं कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. "काकू, ह्ये पन लिवा."

सप्टेंबर २०२३, मायक्रोफायनान्सचं गटाचं कर्ज, ४५,०००, चोवीस हप्ते. आपल्याकडे यालाही लोक बचत गटाचंच कर्ज म्हणतात, पण बायकांनी स्वतःचे पैसे साठवून आपापसांत फिरवणं वेगळं, हे वेगळं. इथे बाहेरची कंपनी पैसे देते आणि गट एकमेकींचा जामीन असतो. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी हे कर्ज असतं. यांचं त्याहून जास्त. फॉर्मवर कमी लिहिलं होतं. तिने सही केली, भरला दुसऱ्याने. नवऱ्याला माहीत नव्हतं. १४,००० चं मोटरचं शिलाई मशीन घेतलं, उरलेले गणपतीत आणि घरखर्चात गेले. पगार पुरत नाही हे तिला कळत होतं, विचारलं की तो चिडायचा, म्हणून तिने आपल्या परीने भोक बुजवलं. तो तिच्यापासून सावकार लपवत होता, ती त्याच्यापासून गट. एका छपराखाली दोन रोजकीर्दी. मला या प्रकरणातलं सगळ्यात वाईट हेच वाटलं, व्याजाच्या कुठल्याही दरापेक्षा. आणि आठ ओळींत मिळवून देणारं कर्ज असेल तर ते हिच्या मशीनचंच होतं.

मग कुणाचं आधी फेडायचं हा प्रश्न आला. तो ज्याचा आवाज मोठा त्याचं आधी देत होता. अ‍ॅपवाला ओरडतो म्हणून अ‍ॅप. सावकार चहा पाजतो, गोड बोलतो, कार्ड तर बोलतच नाही. म्हणून ही दोन महाग कर्जं तशीच राहिली. पतसंस्था सगळ्यात स्वस्त, पण तिचा हप्ता चुकवायचा नाही हे मी आधी सांगितलं. तिथे दोन जामीनदार आहेत, आणि सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की त्यांच्या पगारापर्यंत जातं. दुसऱ्याची भाकरी त्यात अडकली आहे.

महाग कर्ज मोडायला एकरकमी पैसा लागतो. गाडी विकायला तो लगेच तयार झाला, मला अपेक्षा नव्हती. ६०,००० आले. कर्ज ४१,५००, मुदतीआधी बंद करण्याचे १,९००, हातात १६,६००. एनओसी आणि फॉर्म ३५ येऊन आरसीवरचा बोजा उतरेपर्यंत घेणाऱ्याने पाच हजार अडकवून ठेवले होते, तेही आले. मेव्हण्याने जुनी गाडी परत दिली, वर सर्व्हिसिंग करून.

सोनं तिचं होतं. लग्नातल्या दोन पाटल्या, दोन तोळे. मी तिला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की हे तुझं आहे, नाही म्हणालीस तर आपण दुसरा रस्ता काढू, थोडा लांबचा असेल एवढंच. घर सावरायची वेळ आली की प्रत्येक वेळी बाईच्याच अंगावरचं उतरतं, हे मला आवडत नाही. ती दोन दिवस विचार करून आली. विकायच्या नाहीत, तारण ठेवू म्हणाली. त्याच आठवड्यात, २३ जुलैला, अर्थसंकल्पात सोन्यावरचं आयात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि भाव तोळ्यामागे काही हजारांनी पडला होता. विकायची वेळही नव्हती. एका राष्ट्रीयीकृत बँकेने १,२७,००० मूल्य धरलं आणि शंभराला पंचाहत्तरच्या नियमाने ९५,००० दिले, साडेनऊ टक्क्यांनी.

त्यातले ७१,३०० त्याच दिवशी कार्डावर गेले. ज्या रकमेवर महिन्याला २,९४४ जात होते, तिच्यावर आता ५६५ लागणार होते. उरलेले २३,७०० आणि गाडीचे १६,६०० मिळून सावकाराचा विषय.

त्याच्याबद्दल माझं आणि त्यांचं एकमत झालं नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, आणि परवाना असला तरी शेतकरी नसलेल्याला विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. त्या हिशेबाने चौदा महिन्यांचं व्याज १०,५०० झालं असतं. याने ३५,००० दिले होते. जास्तीचे २४,५०० मुद्दलातून वजा केले तर देणं २५,५०० च उरत होतं. जिल्हा उपनिबंधकांकडे, सहकारी संस्थांच्या कार्यालयात अर्ज द्या, मी लिहून देते, असं मी म्हटलं. ते तयार झाले नाहीत. ओळखीतला माणूस, त्याच गल्लीत आईचा वावर. शेवटी दोघांच्या ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींना मध्ये घातलं आणि ४०,००० वर मिटलं. कोरा चेक परत घेतला, माझ्यासमोर फाडला. मला आजही वाटतं तक्रार व्हायला हवी होती. पण त्या गल्लीत राहायचं त्यांना आहे, मला नाही.

महिन्याचे हप्ते २३,७४५ वरून १४,५४० वर आले. घरखर्च धरून पहिल्यांदाच ३,३६० शिल्लक दिसले. ते सोनेतारणात. ऑक्टोबरनंतर अ‍ॅपचा हप्ता संपला, नोव्हेंबरनंतर मोबाइलचा. सुटलेली प्रत्येक रक्कम तशीच सोन्याकडे वळवायची असं ठरलं होतं. दिवाळीचा बोनस १५,००० तिकडेच गेला. मुलाला फटाके कमी आले, तो दोन दिवस रुसला होता. वही आता बायको लिहिते, शनिवारी रात्री, आणि तो शेजारी बसून पावत्या वाचून दाखवतो.

सगळं सरळ झालं नाही. जानेवारी २०२५ मध्ये आईला न्यूमोनिया झाला. १८,००० बिल. बाजूला टाकलेले सहा हजारच होते. उरलेले १२,००० पुन्हा कार्डावर गेले, आणि त्या रात्री त्याचा फोन आला तेव्हा त्याला वाटत होतं सगळं पाण्यात गेलं. पाण्यात गेलं नव्हतं. दोन महिने सोन्याचा भरणा थांबवून कार्ड पूर्ण भरलं, एका महिन्याचं व्याज सोसलं. मग मात्र बायकोने महिन्याला हजाराचं आवर्ती खातं उघडलं, पोस्टात, स्वतःच्या नावाने. हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. कर्ज फेडायच्या घाईत मी घरात राखीव पुरेसं काही ठेवू दिलं नव्हतं, ती चूक माझी.

बारा महिन्यांची मुदत संपल्यावर तारण एकदा नवं करावं लागलं. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता. त्याच्या दोन दिवस आधी पाटल्या सुटल्या. तोळ्याचा भाव तोवर लाखाच्या वर गेला होता. विकल्या असत्या तर, असं तो म्हणायला लागला, तिने त्याला थांबवलं. भाव वाढणार हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं, आणि आम्ही त्यासाठी ठेवल्याही नव्हत्या. गटाचा शेवटचा हप्ता त्याच सुमारास गेला. पतसंस्था उरली.

दिवाळीच्या आधी दोघं फराळाचं सामान घेऊन परतताना आमच्याकडे थांबले. त्याने फोन पुढे केला. कार्डाची मर्यादा ८०,००० वरून दीड लाख करायची का, असा मेसेज होता, खाली ‘होय’ दाबायची जागा. तुमच्या होकाराशिवाय मर्यादा वाढवता येत नाही, असा नियम आहे, मी सांगितलं. "त्ये न्हवं मॅडम, कार्डच बंद करायचं आसंल तर कसं करायचं?"

बाकी शून्य असेल तर अर्ज केल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, उशीर झाला तर दिवसाला ५०० रुपये दंड बँकेने ग्राहकाला द्यायचा असतो. तिथेच बसून ईमेल लिहिला. पाचव्या दिवशी उत्तर आलं. शनिवारी तिने वहीचं कार्डाचं पान काढलं, तारीख घातली, ‘खातं बंद’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.